न्यायला कोण आलं होतं?

मी सातवी नापास माणूस. जळगावला सरकारी कचेरीत शिपाई लागलो आणि दप्तरी होऊन निवृत्त झालो. दप्तरी म्हणजे कागदांचे गठ्ठे बांधणारा, सोडणारा आणि कुठला गठ्ठा कुठे आहे ते सांगणारा. साहेब बदलत, गठ्ठे मलाच ठाऊक असत. माझी सगळी अक्कल तेवढीच. पण एक काम असं झालं की त्यात माझं नाव झालं, आणि ते नाव खोटं होतं. ते आधी सांगायचं धाडस झालं नाही. ज्या माणसासमोर कबूल करायचं होतं ते माणूस गेल्या वर्षी गेलं. माझी बायको, वत्सला. आता छापूनच टाकतो.

एक्क्याण्णवच्या जनगणनेची गोष्ट आहे. लोकांना वाटतं जनगणना म्हणजे डोकी मोजायची, झालं. तसं नाही. मास्तर घरोघर जातो. एका घराला एक पत्रक. पहिल्या ओळीत कुटुंबप्रमुख. त्याच्या खाली बाकीचे, आणि प्रत्येकाचं प्रमुखाशी नातं काय ते. बायको, मुलगा, सून, आई. मग वय, शिक्षण, लग्न झालंय की नाही. लग्नाच्या रकान्यात चारच गोष्टी बसत: लग्न न झालेला, झालेला, जोडीदार मेलेला, आणि घटस्फोट घेतलेला किंवा वेगळा राहणारा. झालं. माणसाचं आयुष्य या चारांत कोंबायचं.

त्या वर्षी मला पारोळ्याकडच्या एका गावात धाडलं होतं. माझं आजोळ त्या बाजूचं, बोली येते, म्हणून मास्तरांना वाट दाखवायला. मास्तर त्याच गावच्या शाळेतले, पाटील गुरुजी. पण ते मूळचे कोकणाकडचे. अहिराणीत बाई भरभर बोलायला लागली की ते माझ्याकडे पाहत.

गावाच्या खालच्या आळीत लीलाबाईचं घर होतं. दोन खणांची खोली. शेजारच्या मोठ्या घरात तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, राहत होता. जमीन सामाईक होती. आम्ही गेलो तेव्हा जेठ ओट्यावर बसला होता. लीलाबाई दारात उभी. तिची नऊ वर्षांची पोर मंगल, आणि मंगलच्या कडेवर दोन वर्षांची धाकटी. गुरुजींनी मंगलला पाहून विचारलं की शाळेत का येत नाही.  लीलाबाईच म्हणाली की मी कापूस वेचायला जाते, हिला कोण सांभाळणार. 

मग गुरुजींनी पत्रक काढलं आणि प्रमुख कोण विचारलं.

"ते सुरतले शेतस. कामवर," लीलाबाई म्हणाली.

मी विचारलं, कधी गेले. तिनं धाकटीकडे पाहिलं आणि सांगितलं की ही पोटात होती तेव्हा. पत्र? नाही. पैसे? नाही. दिवाळीला आले होते? ती पदर सारखा करायला लागली.

नियम सरळ होता. मोजणीच्या दिवसांत जो घरी राहिलेलाच नाही, त्याला त्या घरात धरायचा नाही. गुरुजींनी प्रमुख म्हणून लीलाबाईचं नाव लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात ओट्यावरून जेठ म्हणाला, बाई प्रमुख कशी, माझा भाऊ काय मेला का. लीलाबाईचं तोंड उतरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बिचारीची अब्रू जाते आहे. मी गुरुजींना म्हणालो, लिहून टाका हो, सुरतेहून येईलच की. गुरुजींनी लिहिलं. प्रमुख नवरा. बायको लीलाबाई. दोन मुली. भरलं घर. आम्ही पुढच्या दाराला गेलो. त्या आळीत मी अशी आणखीही दोन-तीन घरं भरली. पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

मोजणी झाली. आमच्या भागातली पत्रकं जळगावला एका जुन्या गोदामात आली. तिथे तात्पुरतं ऑफिस थाटलं होतं. लाकडी खणांची मोठी मोठी कपाटं, आणि पोरं बसून माणशी एक अशा चिठ्ठ्या खणांत टाकत. एका खणात बाया, एका खणात पुरुष, मग शिकलेले, न शिकलेले. दिवसभर पत्त्यांचा डाव चालल्यासारखा फटफट आवाज. माझं काम गठ्ठे देणं, घेणं आणि उंदीर मारणं.

एक दिवस वाणी मॅडम आल्या. संशोधन अधिकारी, वय तिशीच्या आत. सायकलवर यायच्या आणि डबा गठ्ठ्यांवर ठेवून जेवायच्या. त्यांना एक आकडा काढायला सांगितला होता. आमच्या भागात अशी घरं किती, की जिथे मुलांचा सांभाळ एकटी आई किंवा एकटा बाप करतो. त्या आकड्यावरून ठरणार होतं, मजुरी करणाऱ्यांच्या पोरांसाठी पाळणाघरं कुठल्या तालुक्यांत उघडायची. पाळणाघरं मोजकी होती. ज्या तालुक्याचा आकडा मोठा, त्याला.

हे ऐकलं तेव्हा मला मंगलच्या कडेवरची पोर आठवली. पाळणाघर आलं तर धाकटी तिथे आणि थोरली शाळेत. इतकी सोपी गोष्ट.

पण जनगणनेत एकट्या पालकाचा रकानाच नाही. मॅडमनी तो पत्रकातून शोधून काढायचा ठरवला. त्यांनी मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पत्रकात प्रमुख बाई पाहिजे, तिचा नवरा मेलेला किंवा सुटलेला पाहिजे, खाली लहान मुलं पाहिजेत, आणि नवऱ्याची ओळ नको. तसंच उलट बापाचं. अशी पत्रकं बाजूला काढायची. मॅडम वाचायच्या, मी बाजूला ठेवायचो. संध्याकाळी दोन चवडी व्हायच्या. एकट्या बायांची एवढीशी. एकट्या बापांची तर चवड कसली, दोन-चार कागद.

पारोळ्याकडच्या गावांचा गठ्ठा सुटला. खालच्या आळीतून एक विधवा आली. बस्स. मॅडम म्हणाल्या, "नाना, या बाजूला फारशी नाहीत हो. हा तालुका निघून जाणार."

मी पाणी प्यायलो. मग सांगितलं की मॅडम, हे खोटं आहे आणि मीच केलंय. नावं नका घेऊ, असं त्यांनी आधी बजावलं. पत्रकातलं नाव बाहेर सांगायचं नाही, कायदा आहे; इथेही मी लीलाबाईचं नाव बदललंय. मी नावाशिवाय सगळं सांगितलं. नवरा सुरतेत, दोन वर्षं पत्ता नाही, आणि पत्रकात पहिल्या ओळीत बसलेला. मॅडम ओरडतील वाटलं होतं. त्या खुर्चीवर मागे टेकल्या आणि म्हणाल्या, अशी किती?

मी म्हणालो, मी भरलेली तीन-चार. पण गुरुजी काय एकटेच होते का. प्रत्येक गावात कोणी तरी जेठ ओट्यावर बसलेला असतोच.

मी म्हणालो, द्या, मी खोडून नीट लिहितो. तेव्हा मात्र त्या चिडल्या. भरलेलं पत्रक बदलायचं नाही. ते तसंच राहणार, खोटं असलं तरी. मग त्यांनी दुसरी वाट काढली. ती मला लगेच समजली, कारण ती मार्केट यार्डातली होती. कापसाची गाडी येते तेव्हा व्यापारी सगळी गाडी उपसत नाही. खोलवर हात घालून मूठभर काढतो, ओला किती, कवडी म्हणजे किडका किती ते पाहतो आणि सगळ्या गाडीचा अंदाज बांधतो. तसंच आपण थोड्या गावांत जायचं. बायांना विचारायचं, नाव लिहायचं नाही, फक्त खूण करायची. पत्रकांतून एवढी घरं निघाली होती, खरी एवढी निघाली, म्हणजे बाकीच्या गावांतही त्या मानानं वाढवायची. याला अंदाज म्हणतात. साहेब लोक त्याला मोठं नाव देतात, पण मूठभर कापूसच तो.

आता अडचण अशी की विचारायचं काय? पहिल्या गावात मॅडमनी सरळ विचारलं, नवरा नांदवतो का. बाया उठून गेल्या. एका म्हातारीनं मॅडमनाच विचारलं, तुझा नांदवतो का गं? मॅडमचं लग्न झालं नव्हतं. त्या हसल्या आणि त्यांनी वहीतला तो प्रश्न खोडला.

घरी मी हे वत्सलाला सांगितलं. ती गच्चीवर बिबडे वाळत घालत होती. दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, तिच्या पिठाचे हे पापडासारखे बिबडे आमच्याकडे उन्हाळ्यात करतात. तिचा हात थांबला नाही. ती कधी शाळेत गेली नाही, सही करता येत नव्हती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली:

"नवरा शे का नही, हाई कोनी बाई सांगी का? आखाजीले माहेरे गई व्हती, तर लेवाले कोन उनं, हाई विचारा."

ज्यांना आखाजी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशातल्या बाईला दिवाळीपेक्षा हा सण मोठा. लेक कितीही म्हातारी होवो, आखाजीला माहेरी येते. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि सण झाला की तिला न्यायला नवरा येतो. त्याला आंब्याचा रस वाढायचा, मान करायचा, मग दोघं परत जाणार. लेकीला न्यायला कोण आलं, हे सगळी आळी पाहत असते. ज्या बाईला न्यायला कोणी येत नाही, तिचं काय झालंय ते कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना कळतं.

आखाजी होऊन आठच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना म्हणालो, असं विचारून पाहा. मॅडमनी वही बंद केली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "नाना, हे तुम्हाला सुचलं?"

इथे मी हो म्हणालो.

का म्हणालो ते विचारू नका. सातवी नापास शिपायाला एवढ्या शिकलेल्या बाईनं असं कधी विचारलंच नव्हतं. तोंडातून हो निघून गेलं. मॅडमनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी भजी मागवली, माझ्या पाठीवर थाप मारली. मी भजी खाल्ली. घरी गेल्यावर वत्सलाला म्हणालो, माझा प्रश्न सगळ्यांना आवडला.

"तुमना?" ती म्हणाली, आणि हसत बिबडे गोळा करायला निघून गेली. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. मॅडमच्या अहवालात शेवटी आभार आहेत, त्यात माझं नाव आहे. तो कागद मी तिला वाचूनही दाखवला होता. इतका निर्लज्ज.

प्रश्न मात्र असा चालला की काय सांगू. विहिरीवर, शेतात, शेंगा फोडायला बसलेल्या बायांत. आखाजीची गोष्ट काढली की बाया आपणहून बोलत. झोका कुठे बांधला, भावजयीनं काय वाढलं. मग हळूच, न्यायला कोण आलं? कोणी लाजून सांगे, हेच. कोणी म्हणे, मुलगा आला. आणि लीलाबाईच्याच गावची एक तगडी बाई, डोक्यावर भारा घेतलेली, न थांबता म्हणाली, "कोन येस लेवाले? यष्टी उनी लेवाले." सगळ्या हसल्या, तीही हसली. मॅडमनी खूण केली. 

आणखी एक गोष्ट त्या वेळी कळली. पुष्कळ एकट्या बाया बापाच्या किंवा भावाच्या घरात होत्या. पत्रकात ती 'मुलगी', तिची पोरं 'नातवंडं'. घर भरलेलं दिसतं, आणि पोरांना रात्री थोपटणारी एकटीच. मॅडमनी त्यांची वेगळी खूण ठेवली.

धुळ्याला मोमीन वस्तीत एक विणकर भेटला. त्याला आखाजीचं विचारून काय उपयोग? पण त्यानंच आम्हाला बसवलं. बायको मेलेली, तीन पोरी. आम्ही बसलो असताना तो धाकटीची वेणी घालत होता. म्हणाला की मोजायला आलेल्याला मी एकच सवाल केला होता. "बाप भी मैं, माँ भी मैं. एक आदमी को दो खाने में लिखते क्या?" मॅडम म्हणाल्या, नाही लिहीत. तो म्हणाला, मग तुमचा हिशोब एकानं कमी येतो. आणि वेणीला रिबीन बांधली. गाठ सैल झाली म्हणून पोरीनं ती परत सोडायला लावली.

अंदाज पूर्ण झाला. आकडा मी सांगणार नाही, मला तो नीट समजलाही नव्हता. एवढं कळलं की पारोळ्याकडचा भाग निघून गेला नाही. पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर लीलाबाईच्या गावाला पाळणाघर मंजूर झालं. मी वत्सलाला सांगितलं तर तिनं विचारलं, ती पोर शाळेत गेली का? मी म्हणालो, जाईल आता.

तसं लगेच झालं नाही. पाळणाघर सुरू करायला गावातून ठरावीक पोरांची नोंद लागत होती, आणि त्यातही एकट्या पालकांच्या पोरांची आधी. सरपंचांनी लिहून पाठवलं की आमच्या गावात टाकलेली बाई एकही नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न केला त्यांनी. नोंद झाली नाही तर पाळणाघर दुसऱ्या गावाला जाणार होतं. खात्याचे एक अधिकारी खात्री करायला निघाले. मी मॅडमना म्हणालो, मलाही धाडा.

अधिकारी यायच्या आधी मी लीलाबाईच्या घरी गेलो. ती चूल सारवत होती. जेठ घरी नव्हता. मी म्हणालो, बाई, मोजणीच्या वेळी मी तुझ्या घरात खोटा माणूस लिहिला. माझ्यामुळे तू आकड्यात आली नाहीस. माझी चूक झाली.

तिनं सारवायचं पोतेरं बाजूला ठेवलं.

"भाऊ, तुम्ही तवय नाव लिखं, म्हनीसन मी या घरमा टिकनू," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. नवरा आहे, येणार आहे, असं जोवर सगळे धरून चालले होते, तोवर त्या दोन खणांवर आणि शेताच्या वाट्यावर त्याचं नाव होतं. तो टाकून गेला असं तिच्या तोंडून एकदा निघालं की जेठ म्हणाला असता, मग तू इथे कोणाची? अब्रूचं तिला काही नव्हतं. तिला छप्पर हवं होतं. मी दया केली म्हणून मिरवत होतो, आणि तिनं माझ्याकडून आपलं काम करून घेतलं होतं.

मी विचारलं, मग आता नोंद करशील? ती म्हणाली, केली तर घर जाईल. नाही केली तर पोरगी जाईल. मंगल अकराव्यात आहे. आणखी एक वर्ष धाकटीला कडेवर घेतलं की तिचं लग्नच करून टाकतील.

 मी गठ्ठे बांधणारा माणूस. म्हणालो, तुझ्या मनाला येईल ते कर. आणि बाहेर येऊन बसलो.

नोंद शाळेच्या ओट्यावर होती. सरपंच खुर्चीवर, अधिकारी टेबलाशी, जेठ आणि आणखी चार-पाच जण भिंतीला टेकून. बाया लांब, वडाखाली. कोणी पुढे येईना. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सरपंच म्हणाले, सांगितलं होतं ना साहेब.

तेव्हा लीलाबाई उठली. मागे मंगल, कडेवर धाकटी. टेबलापर्यंत आली. अधिकाऱ्यांनी पेन काढलं, पालकाचं नाव विचारलं आणि सवयीनं भिंतीकडे, जेठाकडे पाहिलं. जेठानं तोंड उघडलं.

"माले विचारा," लीलाबाई म्हणाली. "घरमा मोठी मी शे."

आवाज चढला नव्हता. जेठ म्हणाला की घरी ये मग बघतो. ती म्हणाली, घरीच येणार आहे, कुठे जाऊ. अधिकाऱ्यांनी खाली मान घालून लिहिलं. मग वडाखालून ती भारेवाली बाई उठली. मग आणखी एक. पोरांची संख्या भरली.

जेठानं तिला काढलं का? पुढचं वर्षभर तो त्यासाठी तिच्या मागे लागला होता. पण शेजारच्या दोन घरच्या बाया रोज तिच्या दारात शेंगा फोडायला येऊन बसत, आणि तो ओट्यावरून नुसता पाहत राही, असं गुरुजींनी मला सांगितलं. खोली राहिली. शेताचा वाटा गेला. ती मोठी किंमत आहे, आणि ती तिनं दिली, मी नाही.

पाळणाघर उघडलं त्या दिवशीचं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. पाळणाघराच्या बाईनं धाकटीला मंगलच्या कडेवरून घेतलं. ती रडली थोडी, मग गप्प झाली. मंगल तिथेच उभी राहिली. दोन-तीन वर्षं एका बाजूला वाकून चालायची सवय झालेली, तशीच वाकडी उभी. मोकळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. कधी परकराला पुसायची, कधी मागे धरायची. पाटील गुरुजी वर्गातून बाहेर आले. त्यांनी तिला काही विचारलं नाही. आपल्या हातातली पाटी तिच्या हातात दिली आणि आत जागा करायला गेले.